चुनखडीची जमीन आणि द्राक्षवेलीचा खुंट : शाम्पेन प्रदेशाच्या संदर्भात माती परीक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

माती परीक्षण म्हणजे जमिनीत कोणते घटक किती आहेत याची मोजदाद, असा समज रूढ आहे. थंड हवामानातील द्राक्षशेतीत मात्र एका मोठ्या अपयशामुळे या समजाला छेद गेला. फ्रान्सच्या ईशान्येकडील शाम्पेन प्रदेश सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावर, द्राक्षलागवडीच्या उत्तर सीमेजवळ आहे. तेथील अनेक उतारांवर मातीचा थर पातळ असून त्याखाली मऊ, पांढरा खडूचा खडक आहे. हा खडक पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू मुळांना देतो. शतकानुशतके वेलींना पोसणारा हाच खडू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागायतदारांपुढील संकट ठरला.

नव्या खुंटांचे अपयश

फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या अमेरिकन किडीचा उपद्रव १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये प्रथम दिसून आला. १८६८ मध्ये प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कीड ओळखली. अमेरिकन वेलींची मुळे या किडीपुढे तग धरतात, हे लक्षात आल्यावर त्यांच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करण्याची पद्धत रूढ झाली. परंतु प्रथम आणलेल्या रिपारिया व रुपेस्ट्रिस या जातींना चुनखडीच्या जमिनीची सवय नव्हती. शारांत भागात नव्याने लावलेल्या कलमी वेलींची पाने पिवळी पडली, शेंडे वाळले आणि अनेक बागा काही वर्षांतच मेल्या. किडीने एक बाग नेली आणि कर्ज काढून लावलेली दुसरी मातीने नेली, अशी ही अवस्था होती.

या पार्श्वभूमीवर फ्रेंच शासनाने १८८७ मध्ये प्येर व्हियाला यांना अमेरिकेत पाठविले. टेक्सासमधील डेनिसन येथील टी. व्ही. मन्सन यांच्या साहाय्याने ते त्या राज्यातील चुनखडीच्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. तेथे बर्लांडिएरी ही रानवेल हिरवीगार वाढत होती. अडचण एकच होती : तिच्या काडीला मुळे फुटणे अवघड. त्यामुळे संकराचा मार्ग अपरिहार्य ठरला. या यशाचे सारे श्रेय व्हियाला यांच्या मोहिमेला देण्याची प्रथा आहे, ती पूर्णतः न्याय्य नाही. शास्ला व बर्लांडिएरी यांच्या संकरातून मियार्दे व द ग्रासे यांनी निर्माण केलेला '४१ बी' हा खुंट १८८२ चा, म्हणजे मोहिमेच्या पाच वर्षे आधीचा आहे. शाम्पेनमध्ये ही कीड १८९० मध्ये त्रेलू या गावी आढळली. पुढे तेथील खडूच्या जमिनींना आधार दिला तो प्रामुख्याने याच खुंटाने.

एकूण चुना ते सक्रिय चुना

खुंटांची सहनशक्ती वेगवेगळी असल्याने प्रत्येक शेतातील चुन्याचे प्रमाण जाणणे आवश्यक झाले. वजन केलेल्या मातीवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे आकारमान मोजणारे कॅल्सिमीटर हे साधन त्यासाठी वापरात आले. ते सोपे व स्वस्त होते, पण अपुरे होते. सारखाच चुना असलेल्या दोन शेतांपैकी एकात वेल हिरवी राही, तर दुसऱ्यात पिवळी पडे. फरक कणांच्या आकारात होता. कठीण चुनखडीचे जाड खडे फारसे विरघळत नाहीत. मऊ खडूचे सूक्ष्म कण मात्र सहज विरघळून मातीतील पाण्यात बायकार्बोनेट वाढवितात आणि मुळांकडून लोहाचा वापर नीट होत नाही. १९४२ मध्ये द्रुइनो यांनी अमोनियम ऑक्झलेटच्या साहाय्याने केवळ या क्रियाशील भागाचे मोजमाप करण्याची पद्धत मांडली. 'सक्रिय चुना' ही संकल्पना तेव्हापासून स्थिरावली. रिपारिया सुमारे ६ टक्के सक्रिय चुना सहन करते, तर '४१ बी' सुमारे ४० टक्के.

तरीही लोहाचा प्रश्न उरलाच. लोहाच्या क्षारांनी पिवळी पाने हिरवी होतात, हे यूझेब ग्री यांनी १८४० च्या दशकातच दाखविले होते. १९७२ मध्ये झ्युस्त व पूजे यांनी सक्रिय चुन्याला मातीतून सहज निघणाऱ्या लोहाच्या वर्गाने भागून एक निर्देशांक तयार केला. या मापावर रिपारियाची मर्यादा ५, '४१ बी'ची ६० आणि पुढे आलेल्या फेर्काल या खुंटाची १२० मानली जाते.

येथे हवामानाचा विचार करावा लागतो. थंड व ओल्या वसंत ऋतूत जमीन पाण्याने भरलेली राहते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि बायकार्बोनेट वाढते. त्यामुळे तेच शेत एका वर्षी पिवळे, तर दुसऱ्या वर्षी हिरवे दिसते. प्रयोगशाळेत वाळवून चाळलेल्या नमुन्यातून हे कळत नाही. शाम्पेनच्या बागायतदारांनी मात्र रेम्सच्या डोंगरातील लोह-गंधकयुक्त लिग्नाइट, म्हणजे 'काळी राख', खडूच्या जमिनीत मिसळण्याची प्रथा अनुभवातूनच जोपासली होती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध टेक्सासमार्गे येतो. येथील द्राक्षबागांत रूढ झालेला डॉगरिज हा खुंट टेक्सासमधील चाम्पिनी या वेलीचा. तो येथे स्वीकारला गेला तो फिलॉक्सेरामुळे नव्हे, तर क्षारयुक्त जमीन-पाणी आणि अवर्षण यांमुळे. येथील माती परीक्षण अहवालात 'मुक्त चुना' हा रकाना असतो. त्यात सामान्यतः आम्लाच्या साहाय्याने मोजलेले एकूण कॅल्शियम कार्बोनेट नोंदविले जाते. द्रुइनो यांनी १९४२ मध्ये केलेला भेद त्या आकड्यातून कळत नाही.