डिंक, कातर आणि प्रशियाचं सरकार

शाळेत असताना हस्तकला हा विषय मला कधी जमला नाही. माझी कागदी होडी पाण्यात सोडायच्या आधीच बुडाल्यासारखी दिसायची. पुढे मी कॉमर्सला गेलो, बँकेत चिकटलो, आणि कागदाशी माझा संबंध त्याच्यावर लोकांच्या सह्या घेण्यापुरता उरला. तेव्हा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या हस्तकलेला शाळेतून ‘व्हेरी गुड’ मिळेल, असं एखाद्या ज्योतिष्याने सांगितलं असतं, तर मी त्याला दक्षिणा तर सोडाच, चहासुद्धा पाजला नसता.

पण तसं घडलं खरं. आमची धाकटी चिंगी चार वर्षांची. एका शनिवारी तिच्या बालवर्गातून वहीत चिठ्ठी आली : ‘सोमवारी मुलाने घरी केलेली हस्तकलेची वस्तू पाठवावी. विषय – माझे घर.’ त्यानंतर आमच्याकडे जी धावपळ उडाली, ती मार्चअखेरीला आमच्या शाखेतही उडत नाही. पुठ्ठा आला, घोटीव कागद आला, डिंक आला. रविवारी सकाळी मी पट्टी आणि गुण्या घेऊन बसलो. चिंगीकडे डिंकाची बाटली धरण्याचं खातं सोपवलं. तिने दोनदा कागदाकडे हात नेला आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, “थांब, वाकडं होईल!” तिसऱ्या वेळी तिने हात नेलाच नाही. रात्री साडेअकराला घर उभं राहिलं. उतरतं छप्पर, गॅलरी, कुंड्या! मी हप्ते भरतोय त्या फ्लॅटच्या भिंतीसुद्धा इतक्या सरळ नाहीत.

सोमवारी घर परत आलं ते चांदणी घेऊन. चिंगीने ती चांदणी नखाने उचकटली, माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवली आणि म्हणाली, “बाबा, ही तुझी.” एवढं बोलून ती खेळायला पळाली. रुसणं नाही, फुगणं नाही. चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम तिने खऱ्या खातेदाराच्या नावावर जमा केली होती, इतकंच.

बँकेतल्या माणसाला चूक सापडली की तो मूळ व्हाउचर शोधत मागे मागे जातो. लहान मुलांच्या हाती कागद, कातर आणि माती देण्याची ही कल्पना मुळात कोणाची, हे शोधत मी मागे गेलो, तो थेट जर्मनीत पोहोचलो.

तिथे मला फ्रीडरिश फ्रोबेल नावाचे गृहस्थ भेटले. जन्म १७८२ चा. बाप पाद्री. आई गेली तेव्हा हे वर्षाचेही नव्हते. पुढे त्यांनी काही काळ वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी केली, शिक्षकी केली, बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात स्फटिक लावत बसले. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला नाव दिलं ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. आज आपल्या गल्लोगल्लीच्या पाट्यांवर ‘ज्युनियर केजी, सीनियर केजी’ असं लिहिलेलं असतं, त्यातलं ‘केजी’ ते हेच. किलोग्रॅमशी त्याचा संबंध फक्त दप्तराच्या वजनापुरता.

फ्रोबेलने मुलांसाठी दोन प्रकारचं सामान तयार केलं. एक ‘देणग्या’ : लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल, ठोकळे. दुसरे ‘उद्योग’. हे उद्योग म्हणजे टाचणीने कागदाला भोकं पाडणं, त्या भोकांतून दोरा ओवणं, कागदाच्या पट्ट्यांची चटई विणणं, घड्या घालणं, मातीचे गोळे करणं, आणि भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून सांगाडे बांधणं. स्फटिक हाताळलेला माणूस तो. त्याच्या लेखी टाचणीचं भोक म्हणजे बिंदू, दोरा म्हणजे रेषा, चटई म्हणजे पृष्ठ आणि माती म्हणजे घन. अख्खी भूमिती त्याने पोराच्या मुठीत दिली. अट एकच होती. काम पोराच्या हाताने व्हायला हवं. बाग म्हटल्यावर माळी आलाच. पण माळ्याने पाणी घालायचं असतं, कळी बोटांनी उघडायची नसते. मी त्या रविवारी कळीच काय, सगळं झाडच पुठ्ठ्याचं करून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, भिजवलेल्या वाटाण्यांनी कोणाचं काय बिघडणार? बिघडलं! प्रशियाच्या सरकारचं बिघडलं. ऑगस्ट १८५१ मध्ये मंत्री फॉन राउमर यांनी प्रशियातल्या किंडरगार्टनांवर बंदी घातली. आरोप काय, तर समाजवाद आणि नास्तिकपणा! आणि यातली खरी गंमत बँकवाल्यालाच कळेल. फ्रोबेलचा एक पुतण्या होता, कार्ल फ्रोबेल. त्याने मुलींचं उच्च शिक्षण आणि किंडरगार्टन यांवर पुस्तिका लिहिली होती. सरकारने पुतण्याच्या नावची नोंद काकांच्या खात्यात टाकली. फ्रोबेलने खुलासा केला, तो मानला गेला नाही. जून १८५२ मध्ये ते वारले. बंदी उठली १८६० साली. आमच्याकडे आडनाव सारखं पाहून एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले, तर संध्याकाळच्या आत मेमो मिळतो. इथे चूक दुरुस्त व्हायला नऊ वर्षं गेली आणि तोवर खातेदारच उरला नाही.

पण झाड उपटताना बी उधळतंच. बेर्टा फॉन मारेनहोल्त्स-ब्युलो या बाई युरोपभर हिंडून ही पद्धत सांगत राहिल्या. १८५६ साली मार्गारेट शुर्झ या जर्मन बाईंनी अमेरिकेतल्या वॉटरटाउनला आपल्या घरीच किंडरगार्टन सुरू केलं. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने फ्रोबेलचे ठोकळे पाहिले आणि मुलासाठी आणले. तो मुलगा म्हणजे फ्रँक लॉइड राइट, पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी. ‘माझे घर’ या विषयात त्याच्या आईने पट्टी स्वतःच्या हातात घेतली असती, तर जग एका वास्तुशिल्प्याला मुकलं असतं!

आपल्याकडेही हे बी पडलं, आणि पडलं ते चक्क एका सरकारी नोकराच्या टेबलावर. मद्रास इलाख्यातले टी. सुंदर राव हे महसूल खात्यातले गृहस्थ. किंडरगार्टनच्या देणग्यांत घड्या घालायच्या रंगीत चौकोनी कागदांचा एक संच असे. तो पाहून त्यांना वाटलं, या घड्यांनी तर भूमिती सिद्ध करता येईल. १८९३ साली मद्रासला त्यांचं ‘जॉमेट्रिक एक्झरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक निघालं. जर्मनीचे थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि पुढे ते अमेरिकेतही छापलं गेलं. आम्हीही कचेरीत कागदाच्या घड्याच घालतो; पण त्या हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवण्यासाठी.

महाराष्ट्रात हा वसा चालवला ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढलं आणि १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालशिक्षणाची साधनं तेव्हा परदेशी आणि महाग. आदिवासी पाड्यावर ती आणणार कोण? बाईंनी पानं, बिया, खडे, शिंपले गोळा केले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी देशभर पोहोचली. एका सरकारने वाटाण्यांवर बंदी घातली, दुसऱ्याने चिंचोके मांडायला गावोगावी अंगण दिलं. जमाखर्च असा कुठेतरी जुळतो.

हे सगळं वाचून मला माझ्या आईची आठवण झाली. तिने फ्रोबेल वाचला नव्हता. पण पोळ्या लाटताना ती कणकेचा एक गोळा माझ्यापुढे टाकायची. मी त्याची चिमणी करायचो. चिमणी म्हणजे काय, चोच कुठे आणि शेपूट कुठे हे मी सांगितल्याशिवाय देवालाही कळलं नसतं. आई ती तशीच तव्यावर भाजून द्यायची. “चोच नीट कर” असं ती कधी म्हणाली नाही. होडी बिघडली ती पुढे शाळेत. चिमणी कधी बिघडल्याचं आठवत नाही.

गेल्या रविवारी मी सौभाग्यवतींच्या डब्यातून वाटीभर वाटाणे पळवून रात्रीच भिजत घातले होते. खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे केले, टोकं घासून बोथट केली, सगळं चिंगीपुढे ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. महिनाअखेरची कॅश मोजण्यापेक्षा हे अवघड काम आहे, अनुभवाने सांगतो. तासाभरात जे उभं राहिलं त्याला सात पाय होते आणि ते डावीकडे कललं होतं.

“काय गं हे?” मी विचारलं.

“घर,” ती म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, “नाहीतर उंट. अजून ठरलं नाही.”

माझा हात कललेला पाय सरळ करायला निघालाच होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, उसळीचे वाटाणे कुठे गेले?” मी हात परत मांडीखाली घातला आणि गप्प बसलो. त्या दिवशी आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली. उंट अजून कपाटावर आहे. वाटाणे सुकून काड्या घट्ट बसल्यात. चांदणी मात्र त्याला मिळालेली नाही, आणि चिंगीने ती मागितलेलीही नाही.