विद्यार्थी-संशोधनातील जनरेटिव्ह एआय (परभणी जिल्हा)

प्रबंध, प्रकल्प-अहवाल व शोधनिबंध तयार करताना चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारख्या मजकूर रचून देणाऱ्या साधनांचा केलेला वापर आणि त्याची पथ्ये. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांना खुले झाले, तेव्हापासून हा विषय ऐरणीवर आला.

संस्था : परभणीतील कृषी संशोधन १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) चालते. जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी (स्थापना १९९४) संलग्न आहेत.

नियम : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांसाठी सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष मनाई होते आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. मात्र ही मोजणी आधीच प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी जुळणाऱ्या शब्दांची असते. यंत्राने नव्याने रचलेला उतारा कशाशीच जुळत नसल्याने तिच्यातून सहज निसटतो. म्हणून साम्याचा कमी टक्का हा प्रामाणिकपणाचा दाखला ठरत नाही.

मर्यादा : ही साधने संभाव्य शब्दक्रम जुळवतात, त्यामुळे अस्तित्वात नसलेले लेख, खंड व पृष्ठांकही खरे वाटावेत असे समोर येतात. ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा, तर ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण. अशा सारख्या नावांची गल्लत होण्याचा धोका असतो. प्रत्येक संदर्भ शोधगंगा, कृषिकोश या ऑनलाइन प्रबंधसंग्रहांत किंवा मूळ नियतकालिकात स्वतः पाहणे हाच त्यावर उपाय.

पथ्ये : इंग्रजी मसुद्याची भाषा सुधारणे, अवघड लेख समजून घेणे, विचरण विश्लेषणाची आज्ञावली लिहून घेणे यांसाठी मार्गदर्शकाच्या संमतीने मदत घेता येते. कोणते साधन, कधी व कोणत्या कामासाठी वापरले, हे प्रबंधात नमूद करावे. प्रकाशन-नीतीवरील ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे एआय साधन लेखक होऊ शकत नाही. चुकीची जबाबदारी माणसाचीच राहते. ग्रामीण कृषी कार्यानुभवात कृषिदूत व कृषिकन्यांनी (कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांनी) गोळा केलेली शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक, सातबाऱ्यावरील तपशील किंवा कर्जाची माहिती अशा साधनांत भरू नये.

झाडाची उंची, शेंगांची संख्या, प्लॉटनिहाय उत्पादन हे आकडे अशा साधनाकडून न घेता प्रक्षेत्रावरच मोजावे लागतात. तारीखवार नोंदवही, मूळ तक्ते आणि साधनाला दिलेल्या सूचनांची प्रत जपून ठेवली, तर तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला प्रत्येक निष्कर्षाचा उगम दाखवता येतो.