कळमेश्वरच्या जंगलवाटांवर धावता येतं का? ट्रेल रनिंगचे नियम काय आहेत?

डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या, माळावरच्या किंवा जंगलातल्या कच्च्या वाटेवर धावणं म्हणजे ट्रेल रनिंग. आल्प्समधल्या बर्फाच्छादित शिखरांखाली धावणाऱ्यांचे व्हीडिओ मोबाइलवर दिसतात, आणि मग प्रश्न पडतो की आपल्याकडच्या जंगलात असं धावता येईल का?

नागपूरजवळच्या कळमेश्वर परिसरात हा प्रश्न फक्त हौसेचा नाही. इथल्या जंगलातून वाघ-बिबट्यांची ये-जा असते. थोडक्यात उत्तर असं, की काही ठिकाणी धावता येतं, काही ठिकाणी परवानगी घ्यावी लागते आणि काही ठिकाणी पायी जाण्यालाच मनाई असते. पण कायद्याने अडवलं नाही म्हणजे वाट सुरक्षित आहे, असा अर्थ होत नाही.

कळमेश्वरच्या आसपास कोणतं जंगल आहे?

कळमेश्वर हे नागपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचं स्टेशन, एमआयडीसी आणि संत्र्याच्या बागा ही त्याची ओळख. नागपूरहून काटोल रस्त्याने या बाजूला निघालं, की शहराच्या कडेलाच गोरेवाड्याचं जंगल लागतं. 26 जानेवारी 2021 रोजी तिथे बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणीउद्यानाचं उद्घाटन झालं. प्राणीउद्यानाबाहेरच्या जंगलात बिबटे मोकळे फिरतात.

पुढे कळमेश्वर, काटोल आणि कोंढाळी भागात साग, तेंदू, मोह, पळस अशा पानझडी झाडांचं जंगल तुकड्यातुकड्यांनी पसरलं आहे. कळमेश्वर तालुक्यात अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान नाही. पण हे तुकडे वाघांच्या प्रवासाचे टप्पे आहेत. एका बाजूला बोर आणि दुसऱ्या बाजूला पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. बोरला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे 138 चौरस किलोमीटर होतं. एवढ्या जागेत वाढलेल्या तरुण वाघांना नवं क्षेत्र शोधायला बाहेर पडावंच लागतं. या वाटांना कॉरिडॉर म्हणतात.

हा प्रवास वाघांसाठीही सोपा नाही. डिसेंबर 2017 मध्ये बोरचा 'बाजीराव' हा प्रसिद्ध वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला.

कायदा काय सांगतो?

जंगल कोणत्या दर्जाचं आहे, यावर नियम ठरतात.

राखीव वन: भारतीय वन कायदा, 1927 नुसार इथे परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा ठरू शकतो. ज्याला स्पष्ट परवानगी आहे तेवढंच करता येतं.

संरक्षित वन: नाव कडक वाटतं, पण नियम तुलनेने सैल असतात. ज्यावर बंदी घातली आहे ते सोडून बाकीच्या गोष्टी करता येतात. गावकऱ्यांच्या वहिवाटीच्या अनेक वाटा अशा जंगलातून जातात.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 आणि 28 नुसार इथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या लोकांशी कायदेशीर व्यवहार यांसाठी परवाना मिळू शकतो. धावण्याचा वेगळा उल्लेख नाही. म्हणजे धावणारा कायद्याच्या नजरेत पर्यटक असतो, आणि पर्यटकांसाठी ठरलेली वेळ, वाट आणि अटी त्यालाही लागू होतात.

व्याघ्र प्रकल्प: कोअर क्षेत्रात पर्यटकांना गाडीतूनच फिरवलं जातं आणि खाली उतरायला मनाई असते.

वन्यजीव कायद्याचा भंग झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

गावकरी पायी जातात, मग धावणाऱ्याला काय अडचण?

गावातला माणूस जंगलात जातो तेव्हा बोलत, खाकरत, काठी आपटत जातो. वानरांचा खेकसा किंवा चितळाची हाक ऐकून तो थांबतो. धावणाऱ्याचं लक्ष पायाखालच्या दगडावर आणि घड्याळातल्या वेगावर असतं. कानात इअरफोन असला तर जंगलाने दिलेला इशारा पोहोचतच नाही. धावण्याच्या वेगामुळे वळणावर प्राणी अचानक समोर येण्याची शक्यता वाढते. पिल्लं सोबत असलेली रानडुकराची मादी किंवा अस्वल अशा वेळी अंगावर येऊ शकतं.

दुसरी अडचण वेळेची. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे धावणारे पहाटे किंवा संध्याकाळी निघतात. वाघ-बिबट्यांच्या हालचालीचीही तीच वेळ.

तिसरी अडचण शरीराच्या ठेवणीची. पळणाऱ्या प्राण्याचा पाठलाग करणं ही मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांची सहजप्रवृत्ती आहे. वाकलेला किंवा बसलेला माणूसही धोक्यात असतो, कारण तो उंचीने लहान दिसतो. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचण्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्च ते मे या काळात, विदर्भात वाघांचे हल्ले वाढण्यामागे हेही एक कारण मानलं जातं. बुटाची नाडी बांधायला वाकलेला धावपटू याला अपवाद नाही.

जंगल ओळखणाऱ्यांनाही धोका टळत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबाच्या कोअरमध्ये पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता.

जंगलाचं काय नुकसान होतं?

एका धावपटूने फारसं काही बिघडत नाही. पण चिखल टाळायला प्रत्येक जण वाटेच्या कडेने गेला, की पावसाळ्यात वाट रुंदावते आणि माती वाहून जाते. तितवी, तित्तर, लावा असे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. वाट सोडून केलेला शॉर्टकट थेट त्यांच्या घरट्यावरून जाऊ शकतो.

इतर ठिकाणी काय पद्धत आहे?

आल्प्समधलं स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय उद्यान 1914 मध्ये स्थापन झालं. तिथे आखलेली पायवाट सोडायला मनाई आहे आणि कुत्रा सोबत नेता येत नाही. उत्तराखंडमधलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे आपल्याकडचं तसंच उंचावरचं खोरं. 1982 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. ते 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळातच खुलं असतं. मुक्कामाला परवानगी नाही आणि दिवस मावळण्याआधी घांघरियाला परतावं लागतं.

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांना पास मिळतो, पण वेळ आणि रस्ते ठरलेले असतात. 2012 मध्ये सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने जाते. पण धावपटू फुलांच्या पठारावर पाय ठेवत नाहीत, डांबरी रस्त्यावरूनच माघारी फिरतात.

सगळीकडे सूत्र एकच दिसतं. वाट ठरलेली, वेळ ठरलेली आणि बाकीचं जंगल प्राण्यांसाठी.

ॲपवर वाट दिसते, मग जायला काय हरकत?

धावण्याच्या ॲपवरची रेघ म्हणजे तिथून कुणीतरी एकदा गेलं होतं, एवढंच. तो वनरक्षक असेल, गुराखी असेल किंवा विनापरवाना शिरलेला माणूस. रेघ ही परवानगी नव्हे. जंगलातल्या वाटेचं लोकेशन टाकून रील केली, की मागोमाग इतर लोक येतात. वाघ दिसल्याचं ठिकाण टाकणं तर आणखी धोक्याचं, कारण तिथे गर्दी होते.

मग धावायचं कुठे आणि कसं?

कळमेश्वर परिसरात गावांना जोडणारे रस्ते आणि शेतातले पांदण रस्ते हा चांगला पर्याय आहे. धापेवाड्याच्या विठ्ठल मंदिराकडे किंवा अदासाच्या गणपतीच्या टेकडीकडे जाणारे रस्ते वर्दळीचे असले, तरी उजाडल्यावर कडेने धावता येतं. नागपूरकरांसाठी सेमिनरी हिल्सचे चढउतार आहेत.

जंगलाच्या कडेने जायचंच असेल, तर काही गोष्टी पाळाव्यात:

– आदल्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा गावातल्या लोकांकडे चौकशी करावी. वाघ किंवा बिबट्याचा वावर सांगितला, तर बेत रद्द करावा.
– पूर्ण उजाडल्यावर निघावं आणि अंधार पडण्याआधी परतावं.
– एकट्याने जाऊ नये. तीन-चार जणांनी बोलत, एकत्र राहावं.
– इअरफोन घरी ठेवावा.
– 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ. या दिवसांत विशेष काळजी घ्यावी.
– पावसाळ्यात गवत वाढतं आणि साप दिसत नाहीत. तेव्हा मोकळा रस्ताच बरा.

वाघ किंवा बिबट्या समोर आला तर?

पळू नये. पाठ फिरवू नये आणि खाली बसू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सोबत्यांनी एकमेकांजवळ यावं, हात वर करून मोठं दिसावं आणि हळूहळू मागे सरकावं. प्राण्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर वन विभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवावं. त्यामुळे पहाटे त्याच वाटेने शेतात जाणाऱ्या माणसाला वेळेत सावध करता येतं.