७० अक्षरांत मावलेलं दूध

२०१९ची गोष्ट. कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेसाठी मी छोटं ॲप लिहीत होतो. सभासद ३००. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की लिटर, फॅट आणि दर मोबाईलवर जायला हवा. महिन्याला १८,००० मेसेज. २० पैशांनी ३,६०० रुपये. सचिव म्हणाले, जमंल.

पहिल्याच महिन्याचं बिल आलं १०,८०० रुपये.

मेसेज १८,००० नव्हते का? होते. पण मी ते छान मराठीत लिहिले होते, 'नमस्कार' आणि 'धन्यवाद'सकट. एकेका मेसेजचे तीन-तीन तुकडे धरले गेले. सचिवांनी हुकूम सोडला, "इंग्रजी अक्षरात टाका."

टाकले. दोन आठवड्यांनी संस्थेत एक आक्का आल्या. दहा दिवसांचं बिल कमी आलं होतं. त्यांचं म्हशीचं दूध चार दिवस गाईच्या खात्यावर चढलं होतं. मेसेज रोज जात होता, आक्का रोज बघत होत्या. मोबाईल पुढे करून त्यांनी विचारलं, "पोरा, ह्यात म्हस कुठं हाय?"

मराठी मेसेज महाग का, ते त्या रात्री मी शोधायला बसलो आणि थेट १९८५च्या जर्मनीत पोहोचलो.

बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचा अभियंता घरी टाइपरायटरवर वाटेल ती वाक्यं टाइप करून त्यांतली अक्षरं, चिन्हं, मोकळ्या जागा मोजत होता. जवळपास सगळी वाक्यं १६०च्या आत बसली. पोस्टकार्डंही तपासली गेली, तीही आखूडच निघाली. फोनचं जाळं आपापसात जे निरोप देत असतं, त्यातल्या मोकळ्या जागेत हा मजकूर पाठवायचा होता. जागा ठरली १४० बाइट. ७ बिटांचं एक अक्षर धरलं तर १६० अक्षरं. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थने कॉम्प्युटरवरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठवला.

ही मोजणी रोमन लिपीची होती. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून त्याच १४० बाइटमध्ये मावतात फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'म्हैस' आपल्याला दोन अक्षरांची दिसते, एसएमएसच्या हिशेबात ती पाच जागा खाते. मजकूर ७०च्या पुढे गेला की तुकडे जोडण्याची खूणही पाठवावी लागते आणि प्रत्येक तुकड्यात उरतात ६७.

मग स्वस्त सेवा शोधायला निघालो. पूर्वी लोक एक सिमकार्ड आणि एसएमएस पॅकवर असली कामं भागवत. सप्टेंबर २०११मध्ये ट्रायने नकोशा जाहिराती रोखायला एका सिमवरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली. ती वाट अरुंद झाली. त्याच वर्षी व्यवहाराच्या मेसेजमागे, तो ज्या कंपनीच्या ग्राहकाकडे पोहोचतो तिला ५ पैसे द्यायचे, असंही ठरलं. म्हणजे स्वस्ताईला तळ होता. तरी एका विक्रेत्याने फारच खालचा भाव सांगितला. त्याच्या रिपोर्टात सगळे मेसेज 'पोहोचले' होते, गावात निम्मेही नव्हते.

शेवटी मी हिलेब्रांडचंच काम केलं. वहीत चौकटी आखल्या आणि मोजत बसलो:

सकाळ म्हैस ६.५ लि. फॅट ७.२ एसएनएफ ९.० दर ४४.४० रु. २८८.६०

५७ जागा. उरलेल्या १३मध्ये संस्थेचं छोटं नाव बसवलं. नमस्कार गेला, धन्यवाद गेला, म्हैस राहिली. बिल पुन्हा ३,६००वर आलं.

८ मार्च २०२१ला आणखी एक दणका बसला. प्रत्येक मेसेजचा साचा आधी नोंदवायचा आणि जुळला नाही तर मेसेज अडवायचा, हा नियम त्या दिवशी खरोखर लागू झाला. देशभर बँकांचे ओटीपी अडकले. ट्रायला दुसऱ्या दिवशी तो सात दिवसांसाठी थांबवावा लागला. आमचेही मेसेज थांबले, कारण नोंदवलेल्या साच्यात 'लि' होतं आणि आमच्यात 'लि.' एका टिंबापायी ३०० घरांना हिशेब कळला नाही.

वडिलांना हे सांगितलं तर ते हसले. तारेच्या काळात शुभेच्छांची वाक्यं आधीच ठरलेली असत, फॉर्मवर नुसता क्रमांक लिहायचा. बाकी मजकुराचे शब्दावर पैसे, म्हणून लोक शब्द गाळत. आपली तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली. शब्द गाळायचं काम माझ्याकडे आलं.

तुमच्या फोनवर आता मेसेज फुकट जातात, कितीही लांब. आक्कांचा फोन अजून बटणांचा आहे. मागच्या वेळी भेटल्या तेव्हा त्यांनी स्वतःच मेसेज उघडून दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. "ही बघ माझी म्हस," म्हणाल्या, आणि मग दरावरून सचिवांशी भांडायला आत गेल्या.