ॲस्टेरिझमची कुळी

एबेनेझर बर्जेस हा अमेरिकन मिशनरी १८३९ साली पश्चिम भारतातल्या मराठी मुलखात आला. शाळांसाठी मराठीत खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक तयार करायचं काम त्यानं हाती घेतलं. त्यापायी इथले जुने ज्योतिषग्रंथ वाचता वाचता तो सूर्यसिद्धान्तात असा गुंतला की त्याचं इंग्रजी भाषांतरच करून बसला. ते १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याच्या आठव्या अध्यायात नक्षत्रांसाठी त्यानं शब्द योजला ‘ॲस्टेरिझम’. बर्जेसच्या आधी संस्कृतचा इंग्रज अभ्यासक कोलब्रुक यानेही तोच वापरला होता. निवड वाईट नव्हती. ‘कॉन्स्टेलेशन’ म्हटलं की ग्रीकांचे शिकारी आणि अस्वलं गर्दी करतात. नुसतं ‘स्टार’ म्हणावं, तर कृत्तिकांच्या घोसाचं काय करायचं? तरी ओढाताण झालीच. चित्रा, स्वाती, आर्द्रा ही नक्षत्रं म्हणजे एकेकच तारा, आणि ॲस्टेरिझम तर समूहाचं नाव.

मूळ शब्द ग्रीक. ‘ॲस्टर’ म्हणजे तारा, आणि ‘ॲस्टेरिस्मॉस’ म्हणजे ताऱ्यांनी खूण करणं, शिवाय तारकासमूहही. आपल्याकडे त्याला अगदी चपखल शब्द आहे, तारांकन. खूण केली म्हणजे ती करणारा कुणीतरी आला, आणि या शब्दाच्या पुढच्या सगळ्या अर्थांना हाच माणूस चिकटून राहिला, असं मला वाटतं.

इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द दिसतो. तेव्हापासून ॲस्टेरिझम आणि कॉन्स्टेलेशन हे दोन्ही शब्द कितीतरी काळ एकमेकांच्या जागी चालून जात. त्यांची वाटणी विसाव्या शतकातली. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं ८८ तारकासमूहांची यादी ठरवली. त्यांच्या सीमा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ यूजीन देलपोर्त यानं आखल्या आणि १९३० मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. आकाशाचा सातबारा तयार झाला! ज्या आकृत्या डोळ्यांना दिसतात पण यादीत नाहीत, त्या ॲस्टेरिझम ठरल्या. आपले सप्तर्षी त्यातलेच. अधिकृत तारकासमूह आख्खं मोठं अस्वल, सप्तर्षी त्याचा एक तुकडा. महाश्वाच्या चौकोनाचं तर आणखीच गमतीचं आहे. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या दोन-दोन ताऱ्यांचा हा चौकोन शरदात सहज ओळखू येतो. नव्या सीमेनं त्याचा एक कोपरा देवयानीत टाकला आणि उत्तरा भाद्रपदेचे दोन तारे दोन तारकासमूहांत विभागले गेले. नक्षत्रं मोजणाऱ्यांना अर्थात त्याचं सुखदुःख नाही.

पानावरच्या चांदणीची गोष्ट याहून जुनी. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातला अरिस्टार्कस इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात होमरची काव्यं तपासत होता. जी ओळ दुसरीकडेही आलेली, पण इथं योग्य आहे, तिच्याशेजारी तो छोटी चांदणी काढी. ओळ प्रक्षिप्त वाटली तर आडवी रेघ. ती चांदणी म्हणजे ॲस्टेरिस्क. पुढे छापखान्यात तीन चांदण्यांचा त्रिकोण जुळवला जाऊ लागला, मजकुराचे भाग पाडायला किंवा एखाद्या परिच्छेदाकडे लक्ष वेधायला. त्या त्रिकोणाला नाव मिळालं ॲस्टेरिझम. मराठी पुस्तकांत तीन चांदण्या एका ओळीत असतात, त्रिकोण क्वचितच. चांदणीचा खरा रुबाब आपल्याकडे विधानसभेत: ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं, तो तारांकित प्रश्न.

तिसरा अर्थ रत्नांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा. नीलम आणि माणिक ही दोन्ही कुरुंदाचीच रूपं. काही खड्यांच्या पोटात रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया असतात. स्फटिकाच्या घडणीमुळे त्या तीन दिशांना, एकमेकींशी साठ अंशांचा कोन करून पसरतात. सुयांच्या प्रत्येक संचावरून उजेड परावर्तित होऊन एक चकाकती पट्टी उमटते, तीन पट्ट्या छेदल्या की सहा किरणांची चांदणी. त्यासाठी खड्याला पैलू पाडून चालत नाही, घुमटासारखा गोल घासावा लागतो, तोही सुया तळाशी समांतर राहतील असा. कारागिराची दिशा चुकली की चांदणी एका बाजूला सरकते. खडा फार तापवला तर सुया विरघळतात आणि चांदणी जाते. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातला ‘स्टार ऑफ इंडिया’ हा ५६३ कॅरटचा नीलम याच जातीचा. नावात इंडिया असली तरी तो सापडला श्रीलंकेत. १९६४ मध्ये चोरांनी तो पळवलाही होता, पुढे परत मिळाला.

आकाशातला अर्थ मात्र अजून वाढतोच आहे. यादी ८८ वर बंद झाली, तरी ॲस्टेरिझम कुणीही शोधावा. ल्युशियन केम्बल या कॅनडातल्या फ्रान्सिस्कन साधूला जिराफ तारकासमूहात साध्या द्विनेत्रीतून अंधुक ताऱ्यांची एक सरळ माळ दिसली. त्यानं ते वॉल्टर स्कॉट ह्यूस्टन या स्तंभलेखकाला कळवलं, आणि १९८० मध्ये ह्यूस्टननं आपल्या सदरात तिला नाव दिलं, केम्बलचा धबधबा. हौशी निरीक्षक आजही ती माळ याच नावानं शोधतात.