एकट्याची विद्या

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेले आहे. टिळकवाडीतल्या आम्हां मंडळींना समुद्राचे दर्शन घडते ते आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरल्यावरच. तरीही आपल्यातील कित्येक घराण्यांची मूळ गावे घाटाखालची, किनाऱ्याकाठची. त्यामुळे भर समुद्रात एकट्याची होडी उलटली तर त्याने काय करावे, हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नव्हे. माणसाने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

हे उत्तर ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली, एकट्याने बसण्याची चिंचोळी नाव म्हणजे त्यांची कयाक. त्या गोठवणाऱ्या पाण्यात पोहत राहणे म्हणजे मरणच. म्हणून नाव उलटल्यावर बाहेर न पडता, बसल्या जागीच नावेसह पुन्हा सुलटे होण्याची विद्या त्यांनी साधली. अंगातल्या कातडी अंगरख्याचा घेर बैठकीच्या कडेला घट्ट आवळलेला असे. त्यामुळे पाणी आत शिरत नसे. पाण्याखाली असतानाच वल्हे पृष्ठभागाशी आणून त्याचा आधार घ्यायचा, कंबरेच्या हिसक्याने आधी नाव सुलटी करायची आणि डोके सर्वांत शेवटी वर काढायचे. नवशिका नेमका येथेच चुकतो. श्वासासाठी तो आधी डोके उचलतो आणि त्या भाराने नाव पुन्हा पालथी होते. जीव वाचवायचा तर जिवाची घाई आवरावी लागते.

हे साधले नाही तर नावेतून बाहेर पडून तिला धरून राहावे लागते. आजचे शिक्षक त्यासाठी दुसरा उपाय शिकवतात. वल्ह्याच्या एका टोकाला हवा भरलेली पिशवी बांधायची, दुसरे टोक नावेवर आडवे ठेवायचे आणि त्या आधाराने वर चढायचे. कोकणातल्या होड्यांना असते ती उलांडीच ही. फक्त घटकाभरासाठी केलेली.

युरोपीयांपैकी ही विद्या प्रथम साधली ती ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा यांनी, 1927 साली. त्यांना गुरू नव्हता. ध्रुवप्रदेशाविषयीचे लिखाण वाचून त्यांनी ती आत्मसात केली. इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स मात्र 1930-31 च्या मोहिमेत प्रत्यक्ष ग्रीनलंडच्या लोकांकडून शिकले आणि त्यात प्रवीण झाले. पण 20 ऑगस्ट 1932 रोजी ते सीलच्या शिकारीला एकटेच गेले. त्यांची कयाक सापडली, ते सापडले नाहीत. विद्या ही हमी नव्हे, हेही या इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

त्याच वर्षी ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीवरून निघाला. इराणच्या आखातातून बाहेर पडून, हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरून तो 1935 मध्ये कोलंबोला पोहोचला. म्हणजे आपल्या कोकणासमोरूनही ती नाव गेली. 1939 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पाऊल ठेवले, तोवर महायुद्ध पेटले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याची रवानगी छावणीत झाली. आश्चर्य असे की, या माणसाला पोहता येत नव्हते.

आता आपल्या उंबरठ्यापाशी येऊ. खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचे नाव आपल्याकडे आज बहुधा पाण्याच्या तंट्यासंबंधानेच निघते. हीच नदी गोव्यात मांडवी होते. तिच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी 56 फुटी शिडाची नौका बांधली गेली आणि तिला ‘म्हादेई’ हेच नाव मिळाले. 19 ऑगस्ट 2009 रोजी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबे घेत मे 2010 मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अशा नौकेला सुलटे करते ते तिच्या तळाचे जड वजन. माणसाचे वल्हे तेथे पुरे पडत नाही. मात्र एकट्याने सावरण्याची शिस्त तीच.

ती शिस्त दोंदे कोठे शिकले? व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ही कल्पना मांडून पाठपुरावा केला. दोंदे इंग्लंडला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकावयास गेले. 1968-69 मध्ये कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा प्रथम पूर्ण करणारे हेच गृहस्थ. आणि त्यांची ‘सुहेली’ ही नौका बांधली होती मुंबईच्या कारागिरांनी. मुंबईतून गेलेली विद्या चाळीस वर्षांनी अशी मुंबईकडे परत आली.

यावरून आम्हांला वाटते ते इतकेच: एकट्याने तरून जाण्याची विद्या कोणी एकट्याने निर्माण केलेली नाही. पावलाटांनाही पुस्तकांचा आधार लागला, आणि त्या पुस्तकांना अनाम शिकाऱ्यांचा. आमच्या वाडवडिलांनी घाट चढून येथे बिऱ्हाड मांडले, तेव्हा तेही एकटेच होते असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांना सावरण्याचे धडे कोणी दिले, हेही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वेळीच लिहून ठेवावे.