कोल्हापुरात फुटबॉलच्या क्लबला 'तालीम' का म्हणतात? आणि पेठेतलं पोरगं खेळाडू कसं होतं?

कोल्हापूर म्हटलं की आपल्याला आठवते कुस्ती आणि तांबडा-पांढरा. पण हिवाळ्यात लीग सुरू झाली की या शहरात एकच विषय असतो, तो म्हणजे फुटबॉल. शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी होते आणि दुकानाच्या कट्ट्यावर कालच्या गोलची चर्चा रंगते.

यातली गंमत म्हणजे संघांची नावं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. फुटबॉलच्या क्लबचं नाव तालीम कसं काय?

आधी कुस्ती, मग फुटबॉल

यासाठी थोडं मागं जावं लागतं. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. खासबाग मैदान 1912 चं, त्याच काळातलं. पेठापेठांत तालमी होत्या. तालीम म्हणजे फक्त लाल मातीचा आखाडा नव्हता. पेठेतली पोरं संध्याकाळी जमायची ती तिथंच. गणपती तिथला, शिवजयंती तिथली, भांडण मिटवायचं तेही तिथंच.

पुढं फुटबॉल आला तेव्हा संघ बांधायला नवा क्लब काढायची गरजच पडली नाही. माणसं होती, जागा होती, पेठेचा अभिमान होता. तालमीनं फुटबॉलची जर्सी घातली, एवढंच.

म्हणून इथला संघ एखाद्या मालकाचा नसतो, पेठेचा असतो. मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल, शिवाजी पेठेत खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळ, रविवार पेठेत दिलबहार. पोरगं कुठल्या घरात जन्मलं यावरून त्याचा संघ ठरतो.

क्लब चालतो कसा?

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच केएसए, ही इथली मुख्य संघटना. वरच्या गटाची लीग तीच भरवते. लीग संपली की चषक स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. यातल्या कितीतरी स्पर्धा तालमीच भरवतात.

पैसा येतो पेठेतले व्यापारी, जुने खेळाडू, देणगीदार आणि पुढारी यांच्याकडून. बाकीची कामं पेठेतलीच माणसं करतात आणि त्याचा पगार मागत नाहीत. महापुरात बोटी, जेवण, औषधं पोहोचवायला धावणारी पोरंही याच तालमी-मंडळांची असतात.

थोडक्यात, युरोपातले क्लब ज्या 'कम्युनिटी'साठी वेगळे विभाग उघडतात, ती इथं आयतीच आहे. मग अडतंय कुठं?

खरा प्रश्न पोरांच्या सरावाचा

मोठ्या संघाला जिंकायचं असतं, म्हणून खर्च तिथंच जास्त होतो. बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही आणले जातात. पण दहा-बारा वर्षांच्या पोराला शिकवणार कोण? बऱ्याचदा एखादा जुना खेळाडू पहाटे मैदानावर येतो आणि जमेल तसं शिकवतो. त्याची माया खरी असते, पण ती पुरत नाही.

लहान मुलांचा फुटबॉल म्हणजे मोठ्यांचा फुटबॉल छोट्या बुटात, असं नसतं. मैदान लहान लागतं, चेंडू लहान लागतो (साधारण आठ ते बारा वर्षांसाठी चार नंबरचा) आणि एका बाजूला पाच-सातच पोरं लागतात, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2018 मध्ये सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगचा विचार हाच होता. त्यात मुलं-मुली एकत्र खेळतात.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचंच घ्या. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. पुढं आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघातही होता. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. म्हणजे गुणी पोरगं कोल्हापूरचं, पण घडायला त्याला लहान वयात घर सोडावं लागलं. प्रत्येकाला ते जमत नाही.

नोंदणीचा कागद का महत्त्वाचा?

ही गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते. खेळाडूची नोंद जिल्हा संघटना, मग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि पुढं महासंघ अशी वर जाते. ही नोंद म्हणजे पोराचा खेळाडू म्हणून दाखला.

फिफाच्या नियमानुसार परदेशी क्लबनं आधीच्या क्लबला मोठी रक्कम मोजून खेळाडू घेतला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पण पोरगं त्या काळात आपल्या क्लबकडे होतं हे कागदावर दिसलं तरच. नोंदच नसेल, तर पहाटे उठून शिकवणाऱ्या तालमीच्या हातात फक्त अभिमान उरतो.

ईर्षा आणि हुल्लडबाजी

पेठेची ईर्षा हा इथल्या फुटबॉलचा जीव आहे, आणि डागही. समर्थकांची हाणामारी झाली की सामना थांबतो, स्पर्धा अडचणीत येते, पोलिस केस होते. मग घरचे म्हणतात, "नको तो फुटबॉल." मुलींच्या बाबतीत तर हे आधी होतं. एफसी कोल्हापूर सिटीचा संघ महिलांच्या राष्ट्रीय लीगपर्यंत पोहोचला होता, म्हणजे इथं पोरीही कमी नाहीत. पण गॅलरीत शिव्या असतील तर आई लेकीला मैदानावर पाठवेल का?

पोराला क्लबमध्ये घालताना काय विचाराल?

- प्रशिक्षकाकडे महासंघाचं लायसन्स आहे का? निदान सुरुवातीच्या पातळीचं तरी?
- वयानुसार वेगळे गट आहेत का?
- पोराची अधिकृत नोंदणी होते का?
- लागलं-खुपलं तर प्रथमोपचाराची पेटी मैदानावर असते का?
- मुलींसाठी वेळ आणि कपडे बदलायची जागा आहे का?

हे प्रश्न कोल्हापूरलाच नाही, तुमच्या गावातल्या क्लबलाही लागू आहेत. फरक एवढाच, की बाकीच्या गावांना आधी माणसं जमवावी लागतात. कोल्हापुरात ती कधीचीच गॅलरीत येऊन बसलीत. त्यातल्या चार जणांनी पहाटे सहाला पोरांच्या सरावाला यायला सुरुवात केली, तरी पुढचा अनिकेत पेठेतच घडू शकतो.